डंबळची तारा, मुंडगोडचा लोसार
हिमालयातला लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, आपल्या हुबळीपासून दीड तासावर मुंडगोडलाही साजरा होतो. १९६६ साली तिथे तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. गांदेन, द्रेपुंग हे मठ पुन्हा उभे राहिले. त्या सणाला भिक्षूंचे पठण ऐकताना मला गदगजवळचे डंबळ आठवले. सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळातला, १०९५ सालचा तिथला शिलालेख बुद्ध आणि आर्या तारा यांच्या, व्यापाऱ्यांनी बांधलेल्या विहारांची नोंद देतो. पुढे इथली तारेची पूजा थांबली. भारतातून तिबेटात गेलेली मात्र टिकली. ती घेऊन आलेल्यांना उपरे कसे म्हणावे? ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ऐकणाऱ्या आपण तरी म्हणू नये.