भिंतीवरची उशी आणि एक अपुरा शब्द

गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींच्या भिंतींवर पावसाळ्यात उगवणाऱ्या मऊ हिरव्या उशांना आपण सरसकट 'शेवाळ' म्हणतो. विहिरीतल्या हिरव्या तवंगालाही तोच शब्द. शास्त्रीय परिभाषेत मात्र पाण्यातली ती 'शैवले' आणि भिंतीवरची 'हरिता'. हरितेला दांडी असते, पाने असतात. खरी मुळे तेवढी नसतात. असंख्य रोपे दाटीवाटीने उभी राहून उशी होते, आणि त्या दाटीतच पाणी टिकते.

हा भेद युरोपातही उशिराच स्थिरावला. लिनिअसने १७५३ साली शैवले, कवके, नेचे व हरिता यांना 'गुप्तविवाही' अशा एकाच वर्गात कोंबले. पुढे योहान हेडविग या वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली हरितांची जननेंद्रिये ओळखली आणि बीजाणूंच्या कुपीच्या तोंडाशी असणाऱ्या दातांवरून त्यांचे वर्गीकरण मांडले. १७९९ साली तो वारला. ग्रंथ १८०१ मध्ये निघाला. बहुतेक हरितांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ आजही तेथूनच मानतात.

गिरगावालगत, सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात हरितांचेही नमुने जपलेले आहेत. त्यांची नावे अर्थातच लॅटिन. 'हरिता' हा आपला शब्द मात्र परिभाषेबाहेर फारसा पडला नाही. त्याची किंमत वाचनातही मोजावी लागते. साचलेपणाची, कुजण्याची प्रतिमा म्हणून शेवाळाचा अर्थ लावताना आपण पाण्याचे गुण भिंतीवर लादतो. भिंतीवरची उशी उन्हाळ्यात सुकते, आणि पहिल्या सरीबरोबर पुन्हा हिरवी होते. प्रतिमेचा अर्थ सांगण्यापूर्वी तिथे कोणते शेवाळ आहे, एवढे तरी विचारावे.