टोप्या सजवणारे पुरुष

बायकांच्या हॅट तयार करण्याचे एक दुकान आहे. कारागीर सगळे पुरुष. मान खाली घालून, नाजूक हातांनी ते काम करीत आहेत. त्यातला एक तरुण आरशात पाहून जरा नटतो आणि तयार झालेली हॅट पोचवायला बाहेर पडतो. रस्त्यात एक बाई त्याला गाठते, लगट करू लागते. तो अंग चोरतो, घाबरतो. तेवढ्यात दुसरी बाई धावून येते, पहिलीला हुसकावते आणि त्याला सावरते. पण सुटका करणारीचाही हेतू काही निराळा नसतो. ती त्याची आर्जवे करते, त्याला भुलवते आणि अखेर आपल्या खोलीवर नेते. इकडे घरात पुरुषमंडळी शिवणटिपण करीत आहेत, इस्त्री फिरवीत आहेत, आणि बायका कॅफेत बसून पेले रिचवीत आहेत.

‘स्त्रीवादाचे परिणाम’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव असलेला हा मूक विनोदपट पॅरिसच्या गोमाँ कंपनीने 1906 साली काढला. लांबी जेमतेम सात मिनिटे. दिग्दर्शिकेचे नाव आलीस गी. चित्रपट ही कला जन्माला येऊन तेव्हा दहा-अकरा वर्षेच झाली होती. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून सात वर्षे अवकाश होता.

या चित्रपटात कपड्यांची अदलाबदल नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. बायका झग्यातच आहेत, पुरुष पुरुषांच्याच कपड्यांत. बदलले आहे ते बसणे, उठणे, बघणे, आणि कोणी कोणाच्या अंगाला हात लावायचा याचा अधिकार. (1800 सालच्या एका पोलिसी हुकुमानुसार पॅरिसमध्ये बाईला परवान्याशिवाय विजार घालता येत नसे. 1892 आणि 1909 मध्ये सायकल चालवणारीला नि घोड्याचा लगाम हाती धरणारीला सूट मिळाली. हा हुकूम निष्प्रभ असल्याचे सरकारने अधिकृतपणे सांगितले ते 2013 साली!) पुरुषाने बाईचे सोंग घेणे ही जगभरच्या रंगभूमीची जुनी रीत. फाळक्यांच्या तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी केले, आणि 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच होते, पण ती गरज होती, तिच्यात विनोद नव्हता. चार्ली चॅप्लिनने 1914 च्या ‘ए बिझी डे’मध्ये भांडकुदळ बायकोचे काम केले. तिथे हसू येते ते झग्यातल्या पुरुषाला. आलीस गी हिने सोंग बाजूला ठेवले आणि नुसती कामे बदलली. दिसायला हा फरक लहान आहे, परिणामाला फार मोठा.

कामे उलटी करून हसवण्याची युक्ती तिने शोधली असे मात्र नाही. फ्रान्समध्ये ओनोरे दोमिए याने 1844 साली लिहित्या बायकांची टर उडवणारी चित्रमाला काढली, तिच्यात घरचे मूल सांभाळणारा बिचारा नवरा दिसतो. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘भविष्यातील स्त्रिया’ दाखवणारी पोस्टकार्डे विकली जात होती. बाई सैनिकाच्या वेषात, बाई वकिलाच्या झग्यात. 1900 साली फ्रान्समध्ये स्त्रियांना खरोखरच वकिलीची सनद मिळू लागली होती, त्यामुळे या थट्टेला धारही होती. आपणही यात मागे नव्हतो. ना. बा. कानिटकरांची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ 1886 च्या सुमाराची. शिकलेल्या मुली पुढे काय दिवे लावतील हे दाखवणाऱ्या त्या नाटकाच्या लांबलचक नावात ‘भविष्यकथन’ हा शब्दच आहे. दोमिएपासून कानिटकरांपर्यंत या सगळ्या विनोदाचा मथळा एकच: बायकांना मोकळीक द्याल तर तुमच्या हाती पाळण्याची दोरी येईल. हसवायचे, आणि हसवता हसवता भिववायचे.

गोमाँच्या चित्रपटाचे नावही याच चालीवरचे आहे. पहिल्या प्रेक्षकांपैकी पुष्कळांनी तो तसाच पाहिला असेल, यात नवल नाही. पण पडद्यावर जे घडते त्याचा हिशेब मांडायला बसलो की गणित बदलते. त्यातल्या बायका वाईट वागतात म्हणजे नेमके काय करतात? रस्त्यात एकट्या माणसाला अडवतात. नको म्हणणाऱ्याचे ऐकत नाहीत. रक्षण करण्याच्या मिषाने जवळीक साधतात. गोड बोलून फसवतात, आणि पुढे मूल त्याच्या पदरात टाकून स्वतः कॅफेत जाऊन बसतात. म्हणजे यातला एकही दुर्गुण स्त्रीवादाने जन्माला घातलेला नाही. तो पॅरिसच्या कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही दिवशी, पुरुषांच्या अंगी दिसत होता, आणि तेव्हा कोणाला हसू येत नव्हते. बाईच्या अंगी तो आला तेव्हा प्रथमच तो दुर्गुण म्हणून दिसला. आरसा नाकासमोर धरला तर माणूस तोंड फिरवतो. इथे तो शेजारणीच्या हाती दिलेला आहे.

मूल पदरात टाकण्याचा भाग तर आज पाहताना अंगावर येतो, आणि त्यासाठी तेव्हाचा फ्रेंच कायदा माहीत असायला हवा. 1804 च्या नेपोलियनच्या संहितेत पत्नीने पतीची आज्ञा पाळावी असे कलमच होते, आणि ते 1938 पर्यंत टिकले. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या मजुरीचे पैसे स्वतःच्या मर्जीने खर्च करण्याचा हक्क 1907 मध्ये, म्हणजे या चित्रपटानंतरच्या वर्षी मिळाला. मतदानाचा हक्क 1944 मध्ये. आणि याच संहितेच्या 340 व्या कलमाने लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचा बाप कोण, याची चौकशी करायलाच बंदी घातली होती. फसवल्या गेलेल्या मुलीला कोर्टात जाऊन ‘हा याचा बाप’ असे म्हणता येत नसे. काही ठरावीक परिस्थितीत तसा दावा करण्याची वाट उघडली ती 1912 च्या कायद्याने. म्हणजे 1906 साली हा विनोद पाहणाऱ्या थिएटरातल्या कितीतरी बायकांना, मूल घेऊन उभ्या असलेल्या त्या केविलवाण्या पुरुषाकडे पाहून हसताना, आपली किंवा आपल्या बहिणीची हकीकत आठवली असणार.

शेवट असा होतो. मुलेबाळे सांभाळणारे पुरुष कॅफेपर्यंत येतात, बायका त्यांना हुसकावतात. मग पुरुषांच्या सहनशक्तीचा अंत होतो. ते एकजूट करतात, उठाव करतात, बायकांना कॅफेतून बाहेर काढतात आणि जागा परत मिळाल्याच्या आनंदात पेले उंचावतात. जग पुन्हा सरळ झाले! या शेवटामुळे कोणी हा चित्रपट स्त्रीविरोधी ठरवतात, तर कोणी त्यात उलटा इशारा पाहतात: ज्यांना बायकांसारखे जगावे लागले त्यांनी बंड केले, तर जन्मभर बाई म्हणून जगणाऱ्या बंड करणार नाहीत कशावरून? मला दुसरे वाचन अधिक पटते, पण ते पूर्णपणे आलीसच्या मनातले होते असा दावा मी करणार नाही. ती कंपनीची नोकर होती, आणि जत्रेतल्या तंबूत बसलेल्या शेवटच्या प्रेक्षकालाही हसू येईल असा माल तिला काढायचा होता. चित्रपटातला एक भाग तर निव्वळ स्वस्त आहे. पुरुषांचे ते लचकणे, मुरडणे. काम बदलल्याने चाल बदलत नाही. इस्त्री करणारा पुरुष कंबर हलवीतच इस्त्री करतो असे थोडेच आहे? ‘बायकी’ ही शिवी आपल्या भाषेत आजही आहे, आणि त्या शिवीवर मिळणारे हसू आलीसनेही सोडलेले नाही.

याच सुमारास, हजारो मैल दूर, दुसऱ्या एका बाईने हीच कल्पना कागदावर उतरवली होती. भागलपूरला राहणाऱ्या रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये 1905 साली छापून आली. तिच्यातल्या देशात पुरुष मर्दान्यात बंद आहेत, स्वयंपाक करतात, मुले सांभाळतात; आणि बायका सूर्याची उष्णता साठवून ठेवतात, ढगांतून पाणी काढतात. कथा वाचून झाल्यावर नवऱ्याने हा तर भयंकर सूड आहे असा अभिप्राय दिल्याचे रुकैयांनीच सांगून ठेवले आहे, आणि तो कौतुकाचा होता. या दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. फरकही मोठा आहे. रुकैयांच्या बायका रस्त्यात कोणाची छेड काढत नाहीत. त्यांना सत्ता मिळते आणि त्या प्रयोगशाळा काढतात. त्यांचे पुरुष उठावही करीत नाहीत, मर्दान्यातच राहतात. कथा लिहिणाऱ्या बाईला तिकीटविक्रीची चिंता नव्हती, हेही खरे.

आलीस गी हिचे स्वतःचे आयुष्य मात्र तिच्या विनोदापेक्षा वेडेवाकडे गेले. जन्म 1873 चा. 1894 मध्ये ती लेऑं गोमाँ यांच्याकडे सेक्रेटरी म्हणून लागली. चित्रपट काढून पाहू का, असे तिने विचारले तेव्हा मालकाने परवानगी दिली ती पत्रव्यवहाराच्या कामात खंड पडणार नाही या अटीवर. पाहता पाहता ती कंपनीच्या चित्रनिर्मितीची प्रमुख झाली. 1907 मध्ये हर्बर्ट ब्लाशे यांच्याशी लग्न करून ती अमेरिकेला गेली आणि तिची जागा लुई फुयाद यांना मिळाली. 1910 मध्ये तिने तिथे सोलॅक्स ही स्वतःची कंपनी काढली, 1912 मध्ये न्यू जर्सीतल्या फोर्ट ली इथे स्टुडिओ उभारला. ‘सहज वागा’ अशी पाटी तिने नटांसाठी तिथे लावली होती. पुढे कंपनी बुडाली, संसारही मोडला, आणि 1922 मध्ये ती मुलांना घेऊन फ्रान्सला परतली. दिग्दर्शनाचे काम तिला पुन्हा कधीच मिळाले नाही. तिचे चित्रपट इतिहासाच्या पुस्तकांत तिच्या हाताखालच्या पुरुषांच्या नावावर जमा होत गेले, आणि उतारवयात तिने स्वतःच ती यादी दुरुस्त करायला घेतली. आपल्या चित्रपटांच्या प्रती शोधायला ती अमेरिकेलाही जाऊन आली, हाती फारसे काही लागले नाही. 1968 मध्ये न्यू जर्सीतच ती वारली. आठवणी छापल्या गेल्या 1976 साली. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात दहा फ्रेंच स्त्रियांचे सोनेरी पुतळे सीन नदीच्या काठी वर आले, त्यातला एक तिचा होता.

तिच्यानंतर भूमिकाबदलाचा हा विनोद पुरुष दिग्दर्शकांच्या हाती राहिला आणि पुन्हा भिववण्याकडेच वळला. इंग्लंडमधल्या 1913 च्या ‘मिलिंग द मिलिटंट्स’मध्ये बायको मताधिकाराच्या मोर्चाला जाते, नवऱ्याच्या गळ्यात मुले पडतात, आणि तो स्वप्नात पंतप्रधान होऊन मोर्चेवाल्या बायकांसाठी शिक्षा शोधून काढतो. तेव्हा त्या बायका खरोखरच तुरुंगात उपोषण करीत होत्या आणि त्यांच्या नाकातोंडात नळ्या घालून अन्न ओतले जात होते. 1926 मध्ये हॅल रोच यांच्या कंपनीने ‘व्हॉट्स द वर्ल्ड कमिंग टू?’ काढला, त्यात लाजरा नवरदेव आणि रुबाबदार नवरी आहे, आणि काळ आहे शंभर वर्षांनंतरचा. म्हणजे आपलाच!

स्वतः आलीसने ही कल्पना 1912 मध्ये सोलॅक्ससाठी पुन्हा एकदा हाताळली. चित्रपटाचे नाव ‘इन द इयर 2000’, विषय बायकांच्या राज्याचा. नोकरी आता स्वतःच्या कंपनीतली होती, त्यामुळे शेवटी तिने पुरुषांना कॅफे परत दिला की नाही, हे पाहायला मिळायला हवे होते. फातमा बेगम यांच्या 1926 च्या ‘बुलबुल-ए-परिस्तान’ची जी गत झाली तीच याही चित्रपटाची झाली. 2000 साल येऊन गेले. त्याची प्रत अजून कुठे मिळालेली नाही.