फाइव्ह-एचटीपी (वजनघटीसाठी)

ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीरात सेरोटोनिन तयार होताना मधल्या टप्प्यावर बनणारे संयुग. पूर्ण नाव फाइव्ह-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन. बाजारातील पूरक पश्चिम आफ्रिकेतील ग्रिफोनिया या वेलीच्या बियांपासून काढतात. सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, फाइव्ह-एचटीपी शिरते. मेंदूत सेरोटोनिन वाढून भूक लवकर शमण्याची अपेक्षा एवढ्यावरच उभी आहे.

सर्वाधिक उद्धृत होणारी चाचणी रोमची, १९९२ची. २० स्थूल प्रौढ, दिवसाला ९०० मिलिग्रॅम किंवा दिसायला तशीच निष्क्रिय गोळी; पहिले ६ आठवडे आहाराचे बंधन नाही, पुढचे ६ आठवडे १,२०० कॅलरींचा आहार. औषध घेणाऱ्यांचे वजन दोन्ही टप्प्यांत घटले, पिष्टमय पदार्थांचे सेवनही कमी झाले. पण २० माणसांवर आणि १२ आठवड्यांवर कोणी शिफारस उभारू नये. मळमळ ही नेहमीची तक्रार. नैराश्यावरील औषधांसोबत घेतल्यास सेरोटोनिनचा अतिरेक होऊन जिवाला धोका संभवतो.

सेरोटोनिनच्या याच साखळीवर काम करणाऱ्या औषधांचा इतिहास बरा नाही. फेनफ्लुरामिन हृदयाच्या झडपांच्या विकारामुळे १९९७ मध्ये मागे घेतले गेले. सिब्युट्रामिनवर भारतात २०११ मध्ये बंदी आली.

फाइव्ह-एचटीपीची अशी चाचणी भारतात घ्यायची, तर लठ्ठपणाची रेषा पाश्चात्त्य ३० नव्हे, भारतीयांसाठीची २५ बीएमआय धरावी लागेल. नीतिसमितीची मान्यता आणि पहिला रुग्ण घेण्यापूर्वी भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत (सीटीआरआय) नोंदणी आवश्यक असते.