बैलाच्या कष्टाविना

गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे ऋषिपंचमीला, कोकणात ऋषीची भाजी शिजते. नियम एकच: बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. पोळा होऊन तेव्हा जेमतेम पाच दिवस झालेले असतात.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात वानप्रस्थालाही असंच नांगरटीचं अन्न वर्ज्य आहे, कुणी टाकून दिलेलं असलं तरीही. त्यानं रानातलं धान्य आणि कंदमुळं यांवर राहायचं. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंताला आश्रमाची खूण पटते, तीसुद्धा पोपटांच्या ढोलीतून झाडाखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. नीवार म्हणजे आपलं देवभात, तळ्याकाठी आपसूक उगवणारं. पिकताच त्याचा दाणा गळून पडतो, त्यामुळे गोळा करणाऱ्याला वेळ साधावी लागते. पुढे ऋषिपंचमीच्या व्रतकथेनं हा वनवासातला आहार एका दिवसापुरता बायकांच्या ताटात आणला. त्या कथेत विटाळाच्या दोषापायी आई कुत्री होते, बाप बैल होतो, आणि मुलगा त्याच बैलाला दिवसभर राबवून उपाशी ठेवतो. विटाळाचा भाग खुशाल सोडून द्यावा. त्या उपाशी बैलाचं गाऱ्हाणं मात्र मनातून जात नाही.

माझ्या मते ही चाल पोथीहून जुनी असावी. छत्तीसगडात आपल्या श्रावण वद्य षष्ठीला कमरछठ असते. तिथल्या आया मुलांसाठी उपास धरतात, नांगरलेलं काही खात नाहीत. पसहर नावाचा रानतांदूळ, सहा तऱ्हांची भाजी आणि गाईऐवजी म्हशीचं दूध-दही, एवढंच त्यांना चालतं. देव वेगळा, कहाणी वेगळी, ताट जवळपास तेच.

आजच्या ऋषीच्या भाजीत लाल भोपळा असतो, मक्याचं कणीस असतं, हिरवी मिरची असते. तिन्ही अमेरिकेतून आलेली, कुठल्याच ऋषीनं न पाहिलेली. तरी ती चालतात, कारण परसात कुदळीनं लावता येतात. बंधन नांगराचं आहे, जुनेपणाचं नव्हे.

या एका दिवसानं पिढ्यान्‌पिढ्या मुलींना रान वाचायला शिकवलं. तेरं अळवासारखंच दिसतं, पण खाजरं. अंबाड्यासारखं आंबट घालून नीट शिजवलं नाही तर घसा धरतो. कुर्डूचा पाला गुलाबी-पांढरा तुरा येण्याआधीच खुडायचा. हल्ली मुंबईच्या बाजारांत हे सगळं एकत्र मिसळून वाट्यावर मिळतं. त्यात कुर्डू कोणता नि माठ कोणता, हे घेणाऱ्याला ठाऊक नसलं तरी भाजी होते, आणि मला याचीच काळजी वाटते. टाकळा तर पंचमीपर्यंत थांबतही नाही. तोवर त्याला पिवळी फुलं येऊन लांब शेंगा लागलेल्या असतात. एकेका पानातल्या पर्णिकांच्या तीन जोड्या मोजून तो ओळखायचा तो मृगाच्या पहिल्या पावसानंतर, झाड वीतभर असताना.