लेसखालचं सूप

आमच्या मूलच्या घरात बैठकीच्या भिंतीवर एक सूप टांगलेलं आहे. आईच्या रुखवतातलं, १९८९ सालचं. सुपाच्या कडेला सोनेरी लेस, पोटात लाल वेल्वेटचा तुकडा, त्यावर आरशाच्या टिकल्या आणि लोकरीची फुलं, आणि खाली ऑइलपेंटने लिहिलेलं ‘शुभविवाह’. पस्तीस वर्षांत वेल्वेटचा रंग विटका तपकिरी झाला आणि फुलांचे गोळे झाले.

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना मी ते उतरवलं आणि लेस हातातच आली. वेल्वेटही सुटलं. खाली मात्र सूप जसंच्या तसं होतं. एक कामटी हललेली नव्हती.

“ही लेस कोणी शिवली होती?” मी आईला विचारलं.

“मीच. फुलं शेजारच्या काकूंनी केली, अक्षरं मामाने काढली.” तिला सगळं आठवत होतं. कुठल्या दुकानातून लोकर आणली, हेसुद्धा.

“आणि सूप कोणी विणलं?”

“सूप? ते तर बाजारातून आणलं होतं.”

त्या उत्तरापाशी मी अडकले. लेस शिवणारीचं नाव घरात राहिलं, सूप विणणारीचं राहिलं नाही. हे असं का झालं, ते शोधायला गेले तर वाट रुखवतातून निघून जंगलात आणि जंगलातून थेट कायद्याच्या पुस्तकात गेली.

खाण्याचं रुखवत, बघण्याचं रुखवत

रुखवत म्हणजे मुळात खाणं. लग्नात वधूकडून वराकडे लाडू, करंज्या, चिवडा असे पदार्थ वाजतगाजत जायचे आणि सोबत बायका उखाणे घ्यायच्या. आज आपण रुखवत म्हणून ज्याचे फोटो काढतो, ते क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणं, भरतकामाचे अभ्रे, काडेपेट्यांचे बंगले, हे सगळं त्या ताटांच्या शेजारी नंतर येऊन बसलं.

ते आलं तेही शाळा आणि शिवणयंत्राच्या हाताला धरून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत सिंगर कंपनीची यंत्रं मुंबईमार्गे देशात पसरू लागली. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन सुरू केलं. तिथे विधवा आणि शिक्षण सुटलेल्या स्त्रियांना लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणकामही शिकवलं जाई, कारण सुई-दोऱ्यावर चार पैसे स्वतःचे कमावता येत. १९३०च्या दशकात कलकत्त्याहून उषाची देशी यंत्रं बाजारात आली. पुढे मासिकांतून विणकामाचे नमुने घरोघरी पोचले आणि शिवणाचा तास मुलींच्या शाळेत पक्का झाला. सुरुवातीला जे पोटापाण्याचं साधन होतं, ते मध्यमवर्गीय घरात ‘मुलीच्या हाताला वळण आहे’ याचा पुरावा बनलं. तो पुरावा मांडायची जागा म्हणजे रुखवताचं टेबल.

या टेबलावर बसलेल्या वस्तू बहुतेक उरलंसुरलं जोडून केलेल्या असत. फुटक्या बांगड्या, शर्टाची बटणं, जुन्या साडीचे काठ, आइस्क्रीमच्या काड्या. पैसे कमी आणि दुपार मोठी, असा तो हिशेब. आमच्या झाडीपट्टीत त्यात एक भर असायची ती बुरडी वस्तूंची. सूप, परडी, दुरडी, छोटी टोपली. स्वस्त, हलकी आणि लग्नात तशीही लागणारी. मग तिलाच लेस शिवायची, रंगवायची आणि मांडायची.

सुईशिवायची शिवण

लग्नात बांबू लागायचाच. संस्कृतात ‘वंश’ या एकाच शब्दाचे अर्थ दोन, बांबू आणि कुळ. मुळाशी कोंब फुटत बेट वाढत जातं, तसं घर वाढावं. म्हणून महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाठवणीच्या वेळी वेळूच्या टोपलीत दिवे लावून ती वराकडच्या मंडळींच्या डोक्यावर धरतात. कुणी त्याला झाल म्हणतं, कुणी ऐरणीदान. नव्या बाळाला सुपात ठेवायची रीतही तशीच जुनी. आणि शेवटच्या प्रवासाची तिरडीही बांबूचीच.

या वस्तू करणारा समाज म्हणजे बुरूड. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या भोवती जे शरण जमले, त्यांत मेदार केतय्या होते. बांबूच्या टोपल्या विणून जगणारे. बुरूड समाज त्यांना आपले संत मानतो. इंग्रजी काळात रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यात बसोर, बांसफोड आणि बुरूड या बांबूकाम करणाऱ्यांची एकत्र नोंद आहे. म्हणजे ज्यांच्या वस्तूशिवाय लग्न लागत नाही ते लोक कागदावर आले, पण जात म्हणून. कारागीर म्हणून एकाही विणणारीचं नाव आपल्या माहितीत नाही.

मूलच्या आठवडी बाजारात मी एका आजींजवळ बसले. त्या सूप विणत होत्या. आमच्या जंगलात मुख्यतः दोन बांबू. मानवेल हा बारीक आणि जवळजवळ भरीव, कटांग हा जाड, पोकळ आणि काटेरी. पेरं सरळ बघून बांबू घ्यायचा, कोयत्याने उभा चिरायचा, मग त्याच्या कामट्या आणि कामट्यांच्या पातळ पट्ट्या काढायच्या. बाहेरची हिरवी साल चिवट, आतला गर ठिसूळ. सालीची पट्टी जिथे ताण येतो तिथे वापरायची, गराची पट्टी भरायला.

“वाळलेला बांबू चालत नाही का?” मी विचारलं.

“बांबू वला पायजे, बाई. वाळला का मोडते.”

शेवटी त्यांनी सुपाची कड बांधायला घेतली. दोन जाड कामट्यांच्या मध्ये विणीचं टोक धरलं आणि एक बारीक ओली पट्टी त्यातून वर-खाली काढत आवळत नेली. मी बघतच राहिले. ही सरळ सरळ शिवण होती. फक्त सुई नव्हती, आणि दोरा बांबूचा होता. घरी येऊन आईचं सूप पुन्हा हातात घेतलं. आईने लेस शिवताना सुई जिथून घातली होती, ती भोकं म्हणजे त्या आधीच्या शिवणीतल्या फटी होत्या. एका बाईच्या टाक्यांवर दुसऱ्या बाईचे टाके.

गवताला झाड म्हटलं

‘बांबू वला पायजे’ ही अट साधी वाटते. पण या एका अटीवर बुरडांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे. ओला बांबू साठवून ठेवता येत नाही. तो थोडाथोडा आणि सतत जंगलातून यावा लागतो. आणि जंगलाला मालक आला होता.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. त्यानंतर जंगलाचे कायदे येत गेले, त्यातला आजही लागू असलेला १९२७चा भारतीय वन कायदा. त्याच्या कलम २मध्ये ‘झाड’ या शब्दाची व्याख्या आहे आणि तीत बांबू घातलेला होता. वनस्पतीशास्त्र सांगतं की बांबू हे गवत आहे. कायद्याने त्याला झाड ठरवलं. झाड म्हटलं की तोडायला परवानगी आणि न्यायला वाहतूक पास. परवान्याशिवाय चार बांबू खांद्यावर घेऊन येणारा माणूस, जो काल कारागीर होता, तो आज गुन्हेगार ठरू शकत होता.

मध्य प्रांतात ‘निस्तार’ नावाची सोय होती. घरगुती गरजेपुरतं लाकूड, बांबू, गवत गावकऱ्यांना सवलतीत मिळायचं. बुरडांनाही वनविभागाकडून सवलतीच्या दरात ठरावीक बांबू मिळत आला. पण सवलत देणारा हात देईल तेव्हा आणि देईल तेवढंच घ्यावं लागतं. डेपोत पडून पडून वाळलेला बांबू सवलतीत मिळाला, तरी त्याचं सूप होत नाही.

सावली आणि बल्लारपूर

मूलहून गडचिरोलीला जाताना सावली लागतं. १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधीजी इथे आले होते. गांधी सेवा संघाचं अधिवेशन होतं. सावली खादीचं केंद्र होतं. ‘गांधीवाद नावाची काही गोष्ट नाही’ हे त्यांचं प्रसिद्ध म्हणणं याच सावलीतलं. त्याच्या सव्वा वर्ष आधी, १९३४ च्या डिसेंबरात, ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली होती आणि त्याचं काम वर्ध्याहून चालू होतं. गावातला कच्चा माल गावातल्याच हातांनी वापरावा, हा त्या सगळ्याचा गाभा.

पुढच्या दहा वर्षांत याच जिल्ह्यात काटा दुसऱ्या बाजूला झुकला. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत बांबूपासून कागदाचा लगदा करण्यावर काम झालेलं होतं. १९४५ साली बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स ही कंपनी स्थापन झाली. वर्धा नदीचं पाणी, रेल्वे, आणि पाठीमागे चांद्याचं बांबूबन. गिरणीला बांबू वाळलेला चालतो, वाकडा चालतो, टनावर चालतो. सरकारच्या दृष्टीने असं गिऱ्हाईक सोयीचं. जंगलातला बांबू ट्रक भरून गिरणीकडे गेला आणि बुरूड आपल्या वाट्यासाठी रांगेत राहिला.

मी हे वाईट-चांगल्याचं सोपं गणित म्हणून सांगत नाही. गिरणीने हजारो घरं चालवली. आम्ही शाळेत ज्या वह्यांवर लिहिलं, त्यांचा कागद अशाच गिरण्यांतला. आईने विणकामाचा नमुना ज्या मासिकातून उतरवून घेतला, त्याचा कागदही बांबूचा असू शकेल. पण एकच बांबू वहीलाही लागतो आणि सुपालाही, आणि दोघांत कोणाचं आधी ऐकलं गेलं, हे विसरता येत नाही.

मेंढ्याचा बांबू

हे चित्र पहिल्यांदा हललं ते गडचिरोलीत. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं लहानसं गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं या गावाशी जोडलेली आहेत, तशीच ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणाही. १९९०च्या दशकात या गावाने आपल्या जंगलातल्या गिरणीच्या बांबूतोडीवर हरकत घेतली. पुढे २००६चा वनहक्क कायदा आला. त्यात बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात धरला होता, म्हणजे गावाच्या हक्काचा. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या पहिल्या गावांपैकी एक म्हणून.

हक्क मिळाला, पण वाहतूक पास मिळेना. बांबू तुमचा, पण गावाबाहेर नेता येणार नाही, असा पेच. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि पासाचं पुस्तकच ग्रामसभेच्या हातात दिलं. आपला बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, कोणाला विकायचा, हे गाव ठरवू लागलं.

२०१७ च्या नोव्हेंबरात अध्यादेश निघाला आणि १९२७च्या कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला गेला. नव्वद वर्षांनी गवत पुन्हा गवत झालं. पण फक्त जंगलाबाहेरचं. शेतात लावलेला बांबू मोकळा झाला, जंगलातला बांबू आजही वनोपजच आहे.

या दोन्ही दारांतून मूलच्या बाजारातल्या आजी आत जाऊ शकत नाहीत. त्या जंगलातल्या गावात राहत नाहीत, गावकसबात राहतात. बुरूड महाराष्ट्रात अनुसूचित जातीत येतात, जमातीत नाही. वनहक्क कायद्याने इतर पारंपरिक वननिवासींना दार ठेवलं आहे, पण तीन पिढ्या म्हणजे पंचाहत्तर वर्षं जंगलात राहिल्याचा पुरावा मागितला आहे. आणि बांबू लावायला शेत नाही. मेंढ्याचा हक्क शंभर टक्के खरा आहे. आजींची गरजही खरी आहे. ग्रामसभा आणि बुरूड यांच्यात थेट ओल्या बांबूचा व्यवहार झाला तर दोघांचंही भागेल. तो कुठल्या शहराने नव्हे, याच दोन जिल्ह्यांनी बसवायचा आहे.

दिव्याची टोपली

चंद्रपूरहून मूलला येताना वाटेत चिचपल्ली लागतं. २०१४ साली वनविभागाने इथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. बांबूचे दिवे, दागिने, राख्या, फर्निचर असं बरंच काही इथे शिकवलं जातं, आणि शिकणाऱ्यांत बायका पुष्कळ. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राची बांबूने बांधलेली मुख्य इमारत आगीत जळाली, तरी चंद्रपूरच्या बांबूच्या राख्या आता दूरदूर जातात.

तुम्ही फोनवर ‘बांबू लॅम्पशेड’ शोधून बघा. भिंतीवर लावायच्या टोपल्या, दिव्याभोवती उलटं टांगलेलं सूप, सगळं मिळेल आणि किंमत बघून डोळे पांढरे होतील. रुखवतात जे आईने केलं, तेच आता सजावटीचं दुकान करतं आहे. फरक इतकाच की लेस गेली आणि वीण दिसू लागली. ही चांगली गोष्ट आहे. पण वस्तूच्या खाली नाव दुकानाचं असतं. विणणारी अजूनही ‘बाजारातून आणलेली’च.

आईचं सूप मी परत भिंतीवर लावलं. लेस लावायची का, यावर आमच्यात थोडी वादावादी झाली. ती म्हणाली, माझे टाके आहेत ते. तिचंही खरंच होतं. मग अर्ध्या कडेला लेस पुन्हा शिवली आणि अर्धी कड उघडी ठेवली.

पुढच्या बाजारवारी मी आजींकडून एक नवीन सूप घेतलं. पैसे देताना त्यांचं नाव विचारलं. त्या हसल्या. “सुपाले नाव कशाले पायजे?” म्हणाल्या. तरीही त्यांनी नाव सांगितलं. सुपाच्या मागे मी ते पेनने लिहून ठेवलं आहे.