पाहुण्यांचे हात, यजमानांचा किनारा

कोस्टारिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तोर्तुगेरो नावाचं गाव आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालव्यांचं जाळं आणि मधे वाळूचा अरुंद पट्टा. गावापर्यंत मोटाररस्ता नाही. होडीनं नाहीतर छोट्या विमानानं पोचावं लागतं. जुलै ते ऑक्टोबर या दिवसांत इथल्या सुमारे पस्तीस किलोमीटर वाळूत हिरव्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. पश्चिम गोलार्धातली त्यांची ही सर्वांत मोठी वसाहत. त्याच दिवसांत अमेरिका-युरोपातल्या शाळा-कॉलेजांची मुलंही येतात. दिवसा शाळेची भिंत रंगवायची, प्लास्टिक वेचायचं, पोरांना चार इंग्रजी शब्द शिकवायचे. रात्री कासवांच्या मागावर किनारा तुडवायचा. या सेवेबद्दल त्यांना मेहनताना मिळत नाही, उलट तेच पैसे मोजतात. माहितीपत्रकं सांगतात की ही मुलं कासवं वाचवतात. टीकाकार म्हणतात, ही श्रीमंतांच्या मुलांची सहल, वरून पुण्याचा मुलामा. दोघांचीही नजर येणाऱ्या मुलावर खिळलेली असते. तोर्तुगेरोचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर मला वाटतं, नजर यजमानावर ठेवायला हवी. सेवायात्रेतून काही निष्पन्न होतं की नाही हे पाहुण्याच्या तळमळीवर ठरत नाही. काम कोणतं, ते कोण सांगणार आणि पैसा कुठल्या घरात जाणार, या यजमानाच्या बाजूच्या गोष्टींवर ते ठरतं.

या किनाऱ्याला कासवांची राखण नवी नाही, फक्त राखणीचा हेतू बदलला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे ‘वेलादोर’ म्हणून ओळखले जाणारे लोक रात्रभर आपापल्या पट्ट्यात फिरत आणि वर आलेली मादी उलथी करून ठेवत. उताणं पडलेलं कासव पळू शकत नाही. मग लाँच येई, माल भरून न्यायला. मांस खपे, अंडी खपत, आणि कवचालगतच्या कुर्चेला परदेशी सूपवाल्यांकडून भाव मिळे. फ्लोरिडा विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार इथे आले ते याच धंद्याच्या काळात. १९५५ मध्ये त्यांनी माद्यांना खुणेचे बिल्ले लावायला सुरुवात केली. पहिले बिल्ले कवचाच्या कडेला भोक पाडून तारेनं बांधले होते. समागमाच्या वेळी नरांच्या धसमुसळेपणात ते तुटून जात. मग गुरांच्या कानाला मारतात तसले धातूचे बिल्ले पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला ठोकायचं ठरलं आणि ते टिकले. बिल्ल्यावर परत पाठवण्याचा पत्ता आणि बक्षिसाचं आश्वासन असे. बिल्ले परत आले ते बहुतेक निकाराग्वाच्या किनाऱ्यावरून, कासव मारून खाणाऱ्या मिस्कितो कोळ्यांकडून. तोर्तुगेरोत अंडी घालणारी मादी चरायला कुठे जाते, हे विज्ञानाला कळलं ते शिकाऱ्यांनी पाठवलेल्या बिल्ल्यांमुळे. संवर्धनाच्या कथांमध्ये शिकारी हा बहुधा खलनायक असतो. इथे तो पहिला वार्ताहर होता. किनाऱ्यावर कासव शोधायचं कसं, त्याच्या जवळ जायचं कधी, हे ज्ञानही अशाच लोकांकडे होतं.

कार यांचं ‘द विंडवर्ड रोड’ हे पुस्तक १९५६ मध्ये आलं. ते वाचून भारावलेल्या काही अमेरिकी मंडळींनी हिरव्या कासवांची ‘ब्रदरहूड’ स्थापली आणि १९५९ मध्ये तिच्यातून कॅरिबियन कॉन्झर्व्हेशन कॉर्पोरेशन उभी राहिली. आज ती सी टर्टल कॉन्झर्व्हन्सी या नावानं चालते. तिच्या पहिल्या काळातला सर्वांत झगमगीत उपक्रम म्हणजे तोर्तुगेरोतली पिल्लं अमेरिकी नौदलाच्या विमानांतून कॅरिबियनच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवर नेऊन सोडणं. उद्देश असा, की तिथेही वसाहती वसाव्यात. १९६० च्या दशकात वर्षानुवर्षं हे चाललं. त्यातून नव्या वसाहती वसल्याचा पुरावा काही मिळाला नाही. उदार हेतू, भरपूर साधनं, उत्तम प्रसिद्धी, आणि फळ शून्य. त्या मानानं कंटाळवाणी वाटणारी कामं पदरात काही टाकून गेली: दरवर्षी त्याच किनाऱ्यावर तेच मोजमाप, १९७५ साली कायद्यानं राष्ट्रीय उद्यानाला मिळालेलं संरक्षण, आणि लिमोन बंदराच्या मच्छीमारांना वर्षाला १८०० हिरवी कासवं पकडण्याची जी मुभा होती ती १९९९ मध्ये घटनापीठानं रद्द केली, तो निकाल. सेबास्तियन त्रोएंग आणि एडी रँकिन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार १९७१ ते २००३ या काळात तोर्तुगेरोतली अंडी घालण्याची संख्या सुमारे ४१७ टक्क्यांनी वाढली.

या सगळ्यात विद्यार्थी कुठून आला? त्याची वंशावळ वेगळी आहे. पिएर सेरेसोल या स्विस इंजिनिअरनं १९२० मध्ये फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एन गावात, महायुद्धात उद्ध्वस्त झालेली घरं उभारायला वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक नेले, त्यात जर्मनही होते. जर्मनांचे हात गावाला नको होते, आणि छावणी काही महिन्यांतच आवरावी लागली. पहिल्याच प्रयोगात यजमानाच्या होकाराचा प्रश्न उभा राहिला, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. हेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये आले, तेव्हा बरोबर माणसं मोजकीच होती आणि काम राजेंद्रप्रसादांच्या मदतकार्याशी जोडून घेतलेलं होतं. पुढे ब्रिटनमध्ये १९५८ साली व्हीएसओ आणि अमेरिकेत १९६१ साली पीस कोअर निघाली. या दोन्हींत तरुण दीर्घ काळ राहत आणि खर्च संस्था किंवा सरकार उचले. पैसे भरून पंधरवड्यासाठी शास्त्रज्ञाच्या हाताखाली राबायचं, हा प्रकार रूढ केला तो १९७१ मध्ये बोस्टनला सुरू झालेल्या अर्थवॉचनं. मग शाळाच पुढे सरसावल्या. मेरीलँड राज्यानं १९९० च्या दशकात हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी ७५ तासांची सेवा सक्तीची केली. आयबी या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमात सेवा हा आवश्यक भाग आहे, आणि मुंबई-पुण्यातल्या आयबी शाळांतल्या पालकांना तो चांगलाच ठाऊक असेल. सेवेचे तास भरायचे असले की तास पुरवणारेही निघतात. बाबा आमट्यांच्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत जाणाऱ्या मराठी मुलाला प्रमाणपत्राची फिकीर नसे. हल्लीच्या सेवायात्रेत प्रमाणपत्र हीच अनेकदा पहिली मागणी असते. त्यावर नाक मुरडण्यात मला रस नाही, कारण हेतू शुद्ध असला तरी विमानातून उतरलेली पिल्लं नव्या किनाऱ्यावर परतली नाहीत.

आता त्या मुलाचं रात्रीचं काम जवळून पाहू. गडद कपडे, पांढरा उजेड बंद, लागलाच तर तांबडा दिवा. वाळूवर रणगाड्याच्या पट्ट्यासारखा माग दिसला की पुढे जातो तो प्रशिक्षित माणूस. बाकीचे अंतरावर बसून राहतात. मादी खड्डा खणत असताना कोणी हललं तर ती परत फिरण्याचा धोका असतो. अंडी पडू लागली की ती जणू तंद्रीत जाते, आणि तेवढ्या वेळात मागे पालथं पडून एक जण गणकयंत्राची कळ दाबत अंडी मोजतो. हिरव्या कासवाच्या एका घरट्यात शंभरच्या आसपास निघतात. दुसरा फितीनं कवचाचं वक्र माप घेतो, तिसरा बिल्ल्याचा क्रमांक वाचतो किंवा नवा ठोकतो. विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा फीत, वही आणि चालणं येतं. हे काम कोणीही शिकू शकतं, पण हंगामभर रोज कोणीतरी करावं लागतं, आणि त्यात एक रात्र बुडाली तर ती भरून काढता येत नाही. याहून मोठी गोष्ट सकाळी घडते: मुलाला नाश्ता, मच्छरदाणी, होडी आणि वाटाड्या लागतो. १९९० मध्ये गावातल्या लोकांना वाटाडे म्हणून शिकवण्याचा पहिला अभ्यासक्रम झाला. कासवं पाहण्यासाठी स्थानिक वाटाड्याशिवाय रात्री किनाऱ्यावर जाता येत नाही. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या २००४ च्या अहवालात जगभरातल्या निवडक ठिकाणांचा हिशेब आहे: कासव मारून-विकून मिळणाऱ्या उत्पन्नाच्या जवळपास तिप्पट उत्पन्न ते दाखवून मिळत होतं, आणि एकट्या तोर्तुगेरोचं वार्षिक उत्पन्न सुमारे ६७ लाख डॉलर होतं. उताण्या कासवाला मिळणारा भाव जिवंत कासवानं मागे टाकला, तेव्हा राखण करणाऱ्यानं कोणाची बाजू घ्यायची हे बरंचसं ठरलं.

यावर कोणी म्हणेल, मग विमानाचं भाडं वाचवून तेवढे पैसेच पाठवा. हा आक्षेप रास्त आहे आणि अर्धा मला मान्य आहे. शाळेची भिंत रंगवण्याबाबत तर पूर्ण मान्य: कोस्टारिकातल्या गावात रंगारी मिळतो, त्याला मजुरी लागते, आणि आठवड्याभरासाठी येऊन भिंत रंगवणारं पोरगं त्याच्या पोटावर पाय देतं. किनाऱ्याचं तसं नाही. पाठवलेला पैसा कार्यालयात थांबू शकतो. आलेला माणूस झोपायला कोणाच्या तरी घरी जातो, कोणाच्या तरी होडीत बसतो. शिवाय काळोख्या किनाऱ्यावर माणसांची वर्दळ हीच अंडी चोरणाऱ्याला अडचण असते. पण हे खरं ठरतं ते नियम गावाच्या आणि उद्यानाच्या हातात असतील तिथेच.

जिथे तसं नसतं, तिथे पाहुण्याची हौस भागवण्यासाठी गरजच तयार केली जाते. कंबोडियात अनाथालयं वाढत गेली, आणि युनिसेफच्या २०११ च्या पाहणीत दिसलं की तिथल्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात होते. दक्षिण आफ्रिकेत परदेशी मुलं पैसे भरून सिंहाचे ‘अनाथ’ छावे बाटलीनं दूध पाजून वाढवत. छावे मुद्दाम पैदास केलेले, आणि मोठे झाल्यावर काहींची रवानगी कुंपणातल्या शिकारीकडे. श्रीलंकेच्या किनाऱ्यावरच्या काही उबवणीकेंद्रांत पिल्लं टाकीत ठेवली जातात, पर्यटकाला ती हातानं सोडता यावीत म्हणून. जन्मल्याबरोबर खोल पाण्याकडे धावण्यासाठी असलेली ताकद तिथेच संपते. या तिन्ही ठिकाणी पाहुण्याचं मन निर्मळच होतं. काम काय असावं हे त्याच्या सोयीनं ठरवलं गेलं, खोट तिथे होती.

दुसरा, अधिक बोचरा आक्षेप असा, की यजमान, यजमान म्हणता, पण जोखीम यजमानाचीच का? मोईन हा किनारा तोर्तुगेरोच्या दक्षिणेला, लिमोन बंदराजवळ. इथे मोठ्या चामडी कासवांची अंडी चोरली जात आणि किनाऱ्यावर अमली पदार्थांच्या टोळ्यांचाही वावर होता. ३१ मे २०१३ च्या पहाटे हायरो मोरा सांदोवाल या २६ वर्षांच्या स्थानिक कार्यकर्त्याची तिथे हत्या झाली. त्याच्याबरोबर गस्तीवर असलेल्या चार परदेशी स्वयंसेविकांना बांधून ठेवलं होतं, त्या सुटल्या. पहिल्या खटल्यात आरोपी हत्येच्या आरोपातून सुटले, फेरखटल्यात चौघांना शिक्षा झाली. मोईनला वाटाड्यांचा पेशा रुजला नव्हता, उद्यानाचे रक्षक नव्हते, पोलिसांचं पाठबळ डळमळीत होतं. ज्या किनाऱ्यावर राज्यसंस्था नाही, तिथे पाहुण्यांना पाठवणं म्हणजे स्थानिक माणसाला एकट्यानं ढाल व्हायला सांगणं. हा आक्षेप मला खोडता येत नाही. तो माझ्या म्हणण्याचाच भाग आहे.

आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवं वेगळी, ऑलिव्ह रिडले, आणि आकडाही लहान. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमारास घरटी राखायला सुरुवात केली, पण अंडी हॅचरीत आणणारे हात गावच्या कासवमित्रांचे राहिले. पुण्या-मुंबईहून येणारा माणूस पाहतो, गावच्या घरात जेवतो, झोपतो, पैसे देऊन जातो. त्याच्या हाती फावडं देण्याची कोणाला गरज वाटली नाही, आणि काही बिघडलंही नाही.

तोर्तुगेरोतलं चित्र मात्र अलीकडे पालटलं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात अंडी घालण्याची संख्या गेल्या काही वर्षांत घसरत असल्याचं दिसलं. गस्त आहे, वाटाडे आहेत, विद्यार्थी येतातच आहेत. पण मादी दोन-चार वर्षांतून एकदा काही आठवडे इथे येते आणि उरलेलं आयुष्य समुद्री गवताच्या कुरणांत काढते, त्यातलं पुष्कळसं निकाराग्वाच्या पाण्यात. तिथे मिस्कितो समाजाला पोटापुरती कासवं धरण्याचा हक्क आहे, आणि पोटापुरतं कुठे संपतं आणि बाजार कुठे सुरू होतो याची सीमा कधीच स्पष्ट नव्हती. पूर्वी बिल्ले परत आले ते याच पाण्यातून. तिथल्या कोळ्याला जिवंत कासवातून काय मिळावं, हे दोन देशांची सरकारं आणि मिस्कितो पंचायती यांनी बसून ठरवायचं काम आहे, आणि त्यात रात्रीच्या गस्तीचा काही उपयोग नाही.