सलाइन आणि भाकरी

सोलापुरात सात रस्त्यावरच्या एखाद्या औषधाच्या दुकानासमोर घटकाभर उभे राहा. ‘आजीनं दोन दिवस जेवण सोडलंय, एक सलाइन चढवा की, ताकद येईल,’ असं कुणीतरी म्हणणारच. ही समजूत आपल्या मनात पक्की बसली आहे. इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

सलाइन भुकेसाठी नव्हे, पटकीसाठी जन्माला आलं. पंढरीच्या वारीत आपल्या वाडवडिलांनी धसका घेतला तीच ही पटकी. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी आणि मीठ निघून जाई. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ इथं डॉ. थॉमस लाटा यांनी एका मरणासन्न वृद्धेच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. ती सावध झाली. पुढे पाणी देणं थांबलं आणि काही तासांत ती गेली. नंतरचे काही रोगी मात्र वाचले. तरीही हा उपाय कित्येक दशकं मागे पडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी तो पुन्हा नेटानं वापरला.

पण पाणी म्हणजे अन्न नव्हे. साध्या सलाइनमध्ये उष्मांक शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर बाटलीत साखर २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे. ज्वारीच्या एका भाकरीचीही तिला सर नाही. बरं, साखर वाढवावी तर हाताची शीर सुजते.

१९६० च्या दशकात अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉ. स्टॅन्ली डुड्रिक आणि सहकाऱ्यांनी तोडगा काढला. नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत न्यायची. तिथं रक्ताचा ओघ मोठा, त्यामुळे दाट द्रावणही लगेच पातळ होतं. आधी कुत्र्याची पिल्लं आणि १९६७ मध्ये लहान आतडं जवळजवळ नसलेली एक तान्ही मुलगी, नुसत्या शिरेतल्या अन्नावर वाढली.

हे अन्न कुणासाठी? आतडं बंद पडलेल्या किंवा त्याचा मोठा भाग काढलेल्या रोग्यासाठी, फार अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी. त्यात जंतुसंसर्गाचा धोका असतो, यकृतावरही ताण येतो. म्हणून आतडं चालत असेल तर अन्न पोटातूनच द्यावं. गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालून.

तेव्हा आजी जेवत नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ‘ती का जेवत नाही?’ बाटलीचं नंतर पाहू. आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर तिला दुधात कुस्करलेली भाकरी भरवा.